गाद्यांपलीकडचं गाणं

आईचा रोज फोन यायचा आणि ती रोज विचारायची, "अभ्यास करतेस की झोपा काढतेस?"

"झोपा काढते," मी खरं तेच सांगायचे. "आज चांगल्या काढल्या. आत्या खूश आहे."

आईला वाटायचं मी उलटं बोलतेय. पण आत्याचं गाद्यांचं दुकान होतं, दुकानाच्या दर्शनी काचेमागे एक भला मोठा पलंग होता, आणि शाळा सुटल्यावर त्या पलंगावर झोपून राहणं हे माझं काम होतं. रिकामी गादी कोणी घेत नाही, असं आत्याचं मत होतं. "रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला शिरतं का? तसंच हे. आत कोणीतरी असावं लागतं."

कामाचे नियम होते. डोळे मिटलेले हवेत. कूस बदलायची, पण विचार करून. घोरायचं नाही. तोंड उघडं पडू द्यायचं नाही, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. पुढचं दुकान चपलांचं होतं, पण आत्या धोका पत्करत नसे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी जगातली बहुधा एकमेव मुलगी असेन जिला अंथरूण पाहून पाय पसरायचा हुकूम होता, कारण गादी लांबीला किती ऐसपैस आहे ते रस्त्यावरून दिसायला हवं होतं.

आई-बाबा दोघंही बोगदे खणायच्या खात्यात आहेत. त्या वर्षी त्यांना अशा डोंगरात पाठवलं जिथे शाळा नव्हती, फक्त बोगदा होता. म्हणून भर वर्षात माझी रवानगी आत्याकडे झाली. बोगदा पलीकडे निघेपर्यंत.

भर वर्षात नव्या शाळेत जाणं म्हणजे सिनेमा अर्धा झाल्यावर थिएटरात शिरणं. सगळे आपापल्या जागी बसलेले असतात आणि तुम्ही मधे आल्यामुळे कोणालाच काही दिसत नाही. माझ्या शेजारी माझं दप्तर बसायचं. शेजारी म्हणून दप्तर चांगलं होतं, पण त्याला स्वतःची मतं नव्हती. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरल्या होत्या, त्यामुळे मला कोपऱ्यातल्या हाडांच्या सापळ्यासोबत टाकलं. प्रयोगाची वही तपासताना बाईंनी लिहिलं, "दोघांचंही काम समाधानकारक."

एके दिवशी हजेरी चालू होती. माझं नाव आलं. मी "हजर" म्हणाले. बाईंनी मान वर केली, वर्गभर नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली, आणि म्हणाल्या, "आज नाही आली वाटतं." मी पुन्हा "हजर" म्हणणार होते. पण मला वाटलं, बाई अनुभवी आहेत. त्यांचंही बरोबर असू शकेल.

त्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर जाऊन पडले आणि पहिल्यांदाच नियमाबाहेर जाऊन रडले. डोळे मिटून, कूस न बदलता. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. आणि पाठीखाली, गादीच्या आत कुठेतरी, धप् धप् सुरू झालं.

आधी वाटलं माझंच काळीज. पण त्याला ताल होता, आणि माझ्या काळजाला तसा कशातच ताल नव्हता. धप्, धप्, धप-धप. दुकानाच्या मागे गोदाम होतं. तिथून ते फरशीतून यायचं, पलंगाच्या पायांतून वर चढायचं, एकेक स्प्रिंग मोजत माझ्या पाठीपर्यंत पोचायचं. कोणीतरी थोपटत असावं तसं. फक्त विजेवर.

"मागे काय चाललंय?" दुकान बंद करताना मी आत्याला विचारलं.

"बँड आहे. चर्चचा."

"चर्चमध्ये का नाही वाजवत?"

"चर्चच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली. पाळकसाहेब म्हणाले, देवाला ऐकू येतं रे, इतकं ओरडू नका. मग ते माझ्याकडे आले. गाद्यांच्या गोदामातून बाहेर आवाज जात नाही ना."

"भाडं देतात?"

"उंदीर गेले की," आत्या म्हणाली. "कापसाच्या गाद्यांत घरं करून बसले होते. यांनी ड्रम लावला आणि त्या आठवड्यात सगळे उंदीर चपलांच्या दुकानात. अजून काय भाडं पाहिजे?"

बँडमध्ये तिघंच होते. गाणारे काका ॲम्ब्युलन्स चालवायचे. आयुष्यभर सायरनवर मात करून बोलल्यामुळे त्यांचा आवाज तसा झाला होता आणि सगळं गाव त्यांना सायरनच म्हणे. गिटार एक फ्रिज दुरुस्त करणारा दादा वाजवायचा. आणि ड्रमवर होत्या दातांच्या डॉक्टरबाई. दिवसभर लोकांच्या तोंडात हळुवार हात घालून घालून संध्याकाळी त्यांना कशावर तरी दणादण हाणायची गरज पडायची, हे मला लगेच पटलं. तिघंही मागच्या गल्लीतून यायचे आणि मागच्या गल्लीतून जायचे. मी पुढे ड्यूटीवर असायचे. त्यामुळे मला ते कधी दिसले नाहीत.

दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये भिंत नव्हती. एक फळ्यांचा आडोसा होता आणि त्याला लागून छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या गाद्या. त्यांतून फक्त ड्रम यायचा. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली. गादी विकली गेली की थप्पी एका गादीने कमी व्हायची आणि आवाज तेवढा मोठा व्हायचा. एका वसतिगृहाने गाद्या नेल्या त्या दिवशी मला पहिल्यांदा गिटार ऐकू आली. ती फ्रिजच्या आत कोणीतरी गात असल्यासारखी होती, आणि मला फार आवडली.

त्यानंतर मी अशी झोपायला लागले की विचारू नका. मन लावून झोपायचे. चेहऱ्यावर तृप्ती आणायचे. उशीला हलकेच कवटाळायचे. रस्त्यावरून थकलेला माणूस जाताना दिसला की पापणीच्या फटीतून नेम धरून एक लांब, गाढ श्वास सोडायचे. माणूस जागच्या जागी जांभई द्यायचा आणि आत यायचा. आत्या सगळ्यांना सांगायची, "पोरीत गुण आहे. माझ्या भावावर गेली आहे, तोही असाच लोळायचा."

एकेक गादी जात होती आणि गाणं माझ्याकडे येत होतं.

मग शब्द आले. आधी फक्त शेवटचे, मग मधले, मग सगळे. देवाबद्दल मला फारसं माहीत नव्हतं. आमच्या घरी त्याचा विषय परीक्षेच्या आसपास निघायचा. ही गाणी परीक्षेबद्दल नव्हती. एका गाण्यात सायरनकाका प्रभूच्या वतीने गायचे:

"तू हाक मार, नको मारूस,
मी दाराशीच बसलोय.
घाई नाही, जेवून ये,
मी कुठे चाललोय?"

आणि यानंतर फ्रिजदादाची गिटार अशी काही किंचाळायची की दाराशी बसलेला देव दार तोडून आत आला की काय असं वाटावं. मला त्या दोन्ही गोष्टी आवडायच्या. कोणीतरी दाराशी बसलंय ही, आणि त्याच्याकडे ॲम्प्लिफायर आहे ही.

शाळेत काही बदललं नाही. फक्त मधल्या सुट्टीत मी डबा खाताना मनात म्हणायचे, घाई नाही, जेवून घे. सापळ्यालाही मी ते गाणं ऐकवलं. डोकं हलवण्याची सोय त्याच्यात होती, त्यामुळे प्रतिसाद चांगला मिळाला.

थप्पी शेवटच्या दोन-तीन गाद्यांवर आली तेव्हा मला सराव संपल्यानंतरचं बोलणंही ऐकू यायला लागलं. सराव झाला की ते तिघं प्रार्थना करायचे. ज्याला ज्याची काळजी तो त्याचं नाव घ्यायचा. डॉक्टरबाई एका म्हाताऱ्या पेशंटसाठी करायच्या, फ्रिजदादा बहुतेक करून कंप्रेसरसाठी. आणि मग एके संध्याकाळी सायरनकाका, सगळ्यात हळू आवाजात, म्हणजे चपलांच्या दुकानापर्यंत जाईल इतक्याच, म्हणाले:

"प्रभू, ती खिडकीतली लेक. अजून पडूनच आहे. आजही बघितलं. डोळेसुद्धा उघडत नाही रे. मी सायरन बंद करून जातो तिथून, तिची झोप मोडू नये म्हणून. तिला उठव."

"आमेन," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आमेन," फ्रिजदादा म्हणाला. "आणि त्या आत्याबाईंना बळ दे. घरी बघायला कोणी नाही म्हणून पोरीला दुकानात ठेवतात. गाद्यांचं दुकान आहे म्हणून बरं. लोखंडाचं असतं तर?"

मी पलंगावर ताठ झाले. म्हणजे तशी पडलेलीच होते, पण आता ताठ पडले.

एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. ॲम्ब्युलन्स आमच्या दुकानासमोर आली की गप्प व्हायची आणि पुढच्या चौकात पुन्हा बोंबलायची, ते मला यंत्रातला बिघाड वाटायचं. पलंगाशेजारी आत्याने शोभेला ठेवलेली फुलदाणी आणि पाण्याचा पेला. माझ्या डोक्यावर टांगलेली पाटी, 'पाठीच्या कण्याचा विचार करा'. काचेपाशी येऊन हळूच हात हलवणाऱ्या बायका. मी म्हणायचे, काय सभ्य गाव आहे.

"विचारलं होतं ना मी आत्याबाईंना," डॉक्टरबाई सांगत होत्या. "म्हटलं, पोरगी कशी आहे? तर म्हणाल्या, 'तासन्‌तास पडून असते, उठायचं नाव नाही. मला तर तिचं कौतुकच वाटतं.' किती धीराची बाई."

आता कोणाही शहाण्या मुलीने काय केलं असतं? उठून मागे गेली असती आणि म्हणाली असती, मी ठणठणीत आहे. मीही उठणारच होते. पण तेवढ्यात त्यांनी नवं गाणं सुरू केलं, आणि ते माझ्यावर होतं.

जुन्या पुस्तकातली एक गोष्ट होती त्यात. आजारी मुलगी, घरातले सगळे रडतायत, प्रभू तिचा हात धरून म्हणतो, ऊठ. काकांनी त्यात काच घातली होती, आणि रस्ता, आणि येणारेजाणारे. "काचेमागच्या लेकी, ऊठ गं" असं धृपद होतं. आणि ते म्हणताना डॉक्टरबाई ड्रम इतका हळू वाजवत होत्या की एखाद्याचा दात काढताना त्याला कळूसुद्धा नये.

मी त्या गावात आल्यापासून आत्या सोडून कोणी माझ्याबद्दल एक वाक्य बोललं नव्हतं. इथे अख्खं गाणं होतं. दोन कडव्यांचं. मी उठले की ते संपणार. बऱ्या झालेल्या माणसासाठी कोण प्रार्थना करतं? बरा झालेला माणूस म्हणजे नुसता माणूस. तसे शाळेत भरपूर होते आणि त्यांच्यातली एक मी होते, गैरहजर.

म्हणून मी पडून राहिले. आणि रोज ते गाणं ऐकत राहिले, आणि रोज ते थोडं कमी गोड लागत गेलं. कारण सायरनकाका खरोखर काळजी करत होते. "अजून नाही उठली," ते प्रार्थनेत म्हणायचे, जणू त्यांच्याच हातून काही राहिलंय.

आणि मग एके सकाळी आत्या चहा पिताना म्हणाली, "शनिवारी ते बँडवाले पुढे येऊन वाजवणार आहेत. खिडकीत. तुझ्या पलंगाशी."

माझा चहा नाकात गेला. "का?"

"मलाही कळलं नाही. डॉक्टरबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, एकदा तिच्या उशाशी वाजवू द्या. मी म्हटलं, वाजवा की. अगं, डोक्यापाशी ड्रम बडवतायत आणि पोरगी ढिम्म. याच्यापरती गादीची जाहिरात काय असते? तू फक्त हलू नकोस. पापणीसुद्धा नाही."

"आत्या, त्यांना वाटतंय—"

"काय?"

मी आत्याकडे बघितलं. ती इतकी आनंदात होती की तिने बिस्किट चहाऐवजी पाण्यात बुडवलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

शनिवारी त्यांनी सामान पुढे आणलं. मी डोळे मिटून पडले होते, पण पापणीच्या फटीचा मला सराव होता. मला पहिल्यांदा ते दिसले. सायरनकाका आवाजावरून धिप्पाड वाटायचे. निघाले बुटके, गणवेशाच्या पँटला इस्त्री केलेले. फ्रिजदादाच्या खिशातून पान्हा डोकावत होता. डॉक्टरबाईंनी ड्रमवर चादर टाकली होती, पेशंटला त्रास नको म्हणून. काचेबाहेर लोक जमले होते. चपलांचा दुकानदारही आला होता. त्याला त्याचे उंदीर कोणाकडून आले ते बघायचं असावं.

गाणं सुरू झालं. इतक्या जवळून मी ते कधी ऐकलं नव्हतं. गिटार छातीत वाजत होती. "काचेमागच्या लेकी, ऊठ गं." मी हलले नाही. दुसरं कडवं झालं. "ऊठ गं." आत्या काउंटरमागून खुणेने मला शाबासकी देत होती. तिसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा सायरनकाकांचा आवाज फाटला. जो आवाज सायरनला भ्याला नाही तो माझ्यापाशी येऊन फाटला. त्यांनी गाणं सोडलं नाही. नुसते ओठ हलवत राहिले, आणि चष्मा काढून पँटला पुसायला लागले. इस्त्री बिघडली.

मला जे हवं होतं ते मिळत होतं, आणि ते मिळवायला मी एका चांगल्या माणसाला रडवत होते. इतकं लोळणं मलाही झेपेना.

मी उठून बसले. "काका," मी म्हटलं, "मी आजारी नाही. मी इथे कामाला आहे."

गिटार थांबली. काचेबाहेरच्यांना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, फक्त उठणं दिसलं होतं. बाहेर टाळ्या सुरू झाल्या. एका म्हातारीने हात जोडले. दार ढकलून एक गृहस्थ आत घुसले आणि थेट आत्याकडे गेले. "ही जिच्यावरून उठली ना, तीच गादी द्या."

"गादीवरून सगळेच उठतात, साहेब," आत्या म्हणाली. "रोज सकाळी. आणि पोरगी माझी भाची आहे, तिला काही झालेलं नाही, दांडगी आहे चांगली. हे डोळे पुसायचं काय चाललंय मला कोणी सांगेल का?"

डॉक्टरबाई आधी बाहेर गेल्या आणि फुटपाथवर उभं राहून लोकांना खरं काय ते समजावून आल्या. त्यामुळे गर्दी थोडी नाराज झाली. म्हातारी म्हणाली, तब्येत चांगली आहे हेही काही कमी नाही, आणि उशीचा भाव विचारून गेली.

सायरनकाका पलंगाच्या कडेला बसले होते. "तुला माहीत होतं? आम्ही प्रार्थना करत होतो ते?"

"हो. गाद्या विकल्या गेल्या ना, मग सगळं ऐकू यायचं."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

मला काहीतरी विनोदी सुचायला हवं होतं. एरवी सुचतं. "गाणं थांबलं असतं," मी म्हणाले. "मला इथे कोणी ओळखत नाही. शाळेत मी हजर असले तरी दिसत नाही. संध्याकाळी तुमचं गाणं पाठीखालून यायचं, तेवढंच होतं मला."

फ्रिजदादा पान्ह्याशी चाळा करत म्हणाला, "म्हणजे आपण इतके दिवस चुकीच्या आजारावर…"

"त्यात काय विशेष," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्याकडे माणूस येतो, खालची दाढ दाखवतो, आणि किडलेली असते वरची. रोजचं आहे. आपण त्याला घरी पाठवतो का?"

"पण मग आता गाण्याचं काय करायचं?" फ्रिजदादाला खरी चिंता ती होती. "'ऊठ गं' म्हणतोय आपण, आणि ही तर उठून बसली."

"दाराशी बसलेल्याचं गाणं आहे की," मी म्हणाले. "ते मला सगळं पाठ आहे."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. त्या गाण्याचं कोणी कधी नाव काढलं नव्हतं बहुतेक. पाळकसाहेबांना ते फार मोठं वाटायचं आणि शेजाऱ्यांना तर फारच.

"सगळं?" सायरनकाकांनी चष्मा चढवला.

"गिटारसकट. तोंडाने."

"आत्याबाई," काका उठले, "शाळा सुटल्यावर ही थोडा वेळ मागे आली तर चालेल का? आम्हाला दुसरा आवाज लागतोय. माझ्यावर कोणीतरी झाकण घालायला पाहिजे."

आत्याने विचार केला. तिची सगळ्यात चांगली झोपणारी जाणार होती. मग तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं माल आल्यावर बघते, कुठे फाटलंय का ते. "इतकं होतं तर बोलायचं नाही का गं?" ती म्हणाली. "मी समजत होते तू दमून झोपतेस." नंतर काकांकडे वळून म्हणाली, "न्या तिला. पलंगावर मी झोपेन. हक्काचं दुकान आहे."

"चला मग," सायरनकाका म्हणाले. "पण आधी हिच्यासाठी केलेलं गाणं नीट करू. काचेमागची लेक आता चालणार नाही. नाव घालू तिचं. काय गं नाव तुझं?"

मी नाव सांगितलं. या गावात ते मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

फ्रिजदादाने गिटारवर चाल धरली. काकांनी माझं नाव घालून गायलं. नाव चालीत मावेना. शेवटचं अक्षर ओळीबाहेर लोंबायला लागलं.

"छोटं करू," फ्रिजदादा म्हणाला. "लाडाचं काहीतरी. दोन अक्षरी."

"का म्हणून?" डॉक्टरबाई चादर झटकत ड्रमपाशी बसल्या. "पोरीचं नाव का कापायचं? चाल ओढ जरा."

"चाल ओढली तर गिटार घसरते."

"घसरू दे. पकड तिला."

"तुम्हाला ड्रमवर काय जातंय बोलायला. एक ठोका वाढला की संपलं."

"वाढवते मग ठोका. हे घे." त्यांनी एक जास्तीचा हाणला. काचा हलल्या.

"थांबा, थांबा," सायरनकाका म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून. आणि तू पण म्हण गं. तुझं नाव आहे, कुठे तुटतं ते तुलाच कळणार."

मी पलंगावरून खाली उतरले आणि म्हणायला लागले.